मेदोरोगावरील शस्त्रकर्मानंतरचा आतुर : श्वासमार्ग व आहारनलिका यांविषयी दक्षता

स्थौल्यावर शस्त्रकर्म झालेला रुग्ण केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतच भेटतो, अशी स्थिती आता राहिलेली नाही. शस्त्रकर्म महानगरात होते. पाच-सहा दिवसांत रुग्ण आपल्या तालुक्याच्या गावी परततो. पुढे केस गळणे, मलावष्टंभ, अम्लोद्गार, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन तो आपल्यापैकीच कोणाच्या तरी चिकित्सालयात येतो, किंवा सरळ औषधालयाच्या खिडकीशी उभा राहतो. अनेकदा तो शस्त्रकर्माचा उल्लेखही करीत नाही. लोक काय म्हणतील हा संकोच असतो, आणि 'आयुर्वेदाचे औषध घ्यायचे आहे, त्याला त्याचे काय' ही समजूतही असते. उदरपरीक्षण करताना चार-पाच लहान व्रणवस्तू दिसल्या, तर पित्ताशयाचे शस्त्रकर्म झाले असेल असे गृहीत धरून आपण पुढे जाऊ नये. कोणते शस्त्रकर्म, कधी झाले, कोणी केले, हे तीन प्रश्न तेथेच विचारावेत.

प्रस्तुत लेखात या रुग्णांच्या समग्र चिकित्सेचा विचार आम्ही करणार नाही. आत्ययिक प्रसंगी नाकातून नलिका घालणे, श्वासमार्ग राखणे आणि नलिकेवाटे आहार व औषध देणे एवढाच विषय घेतला आहे. नेहमीच्या रुग्णात निर्धोक असलेली कृती या रुग्णात घातक ठरू शकते. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू लहान रुग्णालये चालवितात, निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळ्या करतात. तेथे 'रायल्स ट्यूब टाका' हा आदेश सवयीने निघतो आणि सवयीनेच पाळला जातो.

आमाशयाची बदललेली रचना

प्रथम रचना ध्यानी घ्यावी. आज सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात आमाशयाचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्या संपूर्ण डाव्या कडेने धातूच्या टाचण्यांची, म्हणजे स्टेपलची, लांब शिवण असते. 'बायपास' प्रकारात आमाशयाच्या वरच्या टोकाशी अवघ्या १५ ते ३० मिलिलिटरची पिशवी शिल्लक ठेवून तिला लहान आतडे जोडतात. उरलेला मोठा आमाशय पोटातच राहतो, परंतु अन्नमार्गापासून तुटलेला. या शस्त्रकर्माचा पाया १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी घातला. आपल्याकडे बऱ्यापैकी रूढ असलेला एकाच जोडाचा 'मिनी-बायपास' रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ पासून प्रचारात आणला. त्यात पिशवी लांबट असते. आमाशयाभोवती पट्टा बसविण्याची पद्धत आता मागे पडली असली, तरी पूर्वी पट्टा बसविलेले रुग्ण आजही भेटतात.

आता अंतराचे गणित पाहावे. दातांपासून आमाशयाच्या मुखापर्यंतचे अंतर प्रौढात सुमारे ४० सेंटिमीटर असते. नाकाचे टोक, कानाची पाळी व उरोस्थीचे खालचे टोक असे मोजून आपण नलिका साधारण ५० ते ६० सेंटिमीटरपर्यंत सरकवितो. बायपास झालेल्या रुग्णात मुखाच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवरच पिशवी संपून जोड लागतो. म्हणजे नेहमीच्या खुणेपर्यंत ढकललेली नलिका जोडाच्या पार गेलेली असते, पिशवीत वळसे घेऊन बसते, किंवा ताज्या शिवणीवर टोचत राहते. स्लीव्हमध्ये आमाशयाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, अन्ननलिकेच्या मुखाजवळ, शिवण सर्वांत दुबळी असते. स्लीव्हमधील गळती बहुधा तेथेच होते. अडखळणाऱ्या नलिकेला 'थोडा जोर' दिला की ती याच ठिकाणी भिंत भेदू शकते.

म्हणून नियम असा : स्थौल्यावरील शस्त्रकर्म झालेल्या रुग्णास नाकातून अंधपणे, केवळ हाताच्या अंदाजाने, नलिका घालू नये. शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर मुळीच नाही. पुढे कितीही वर्षे लोटली असली, तरी शस्त्रकर्म करणाऱ्या शल्यकाशी बोलल्यावाचून नाही. नलिका अपरिहार्य असेल तर ती क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत किंवा एन्डोस्कोपीच्या साहाय्याने घालावी लागते. ही सोय नसलेल्या ठिकाणी रुग्णाला लवकर पुढे पाठविणे हीच चिकित्सा होय.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बायपासच्या रुग्णात आतड्याचा अवरोध झाला, विशेषतः वजन बरेच उतरल्यानंतर आतडे आतल्या फटीत अडकले, तर तुटलेला मोठा आमाशय फुगत जातो आणि नाकातली नलिका त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. नलिकेतून काही येत नाही, उलटीही फारशी नाही, म्हणून अवरोध नाही असा निष्कर्ष काढणे येथे सर्वस्वी चुकीचे आहे. पोटात कळ येऊन थांबणे, जेवणानंतर ती वाढणे, पाठीकडे जाणे एवढ्यावरच सीटी स्कॅन व शल्यकाचे मत आवश्यक ठरते. हा बद्धगुदोदराचाच प्रकार आहे. बद्धगुदोदर व परिस्रावी उदर या दोहोंना सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माच्या कक्षेत ठेवले, ही गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे.

एक प्रसंग

तालुक्याच्या ठिकाणी लहान रुग्णालय चालविणाऱ्या एका वैद्यमित्रांचा आम्हांस रात्री दूरध्वनी आला. बायपास होऊन नऊ दिवस झालेले ४६ वर्षांचे गृहस्थ उचकी व मळमळ यांसाठी दाखल झाले होते. नातेवाईक 'पोटातला वायू काढा' असा आग्रह धरून बसले होते आणि परिचारिका नलिका घेऊन उभी होती. मित्रांनी विचारले, "पोट तर मऊ आहे. टाकू का नळी?" आम्ही नाडी विचारली. ती मिनिटाला १२८ होती, श्वसन ३० आणि ताप जेमतेम १००. डावा खांदा दुखत होता. अशा रुग्णाचे पोट मऊ लागणे हे आश्वासक लक्षण नव्हे. मेदाच्या जाड थराखाली उदरातील दाह हाताला लागत नाही. शस्त्रकर्मानंतरच्या दिवसांत विश्रांतीतही नाडी १२० च्या वर टिकून राहणे, श्वास लागणे, डाव्या खांद्यात वेदना आणि 'काहीतरी वाईट होणार' अशी रुग्णाची बेचैनी एवढ्यावरच गळतीची शंका घ्यावी. मित्रांनी नलिका घातली नाही. तोंडाने काहीही देणे थांबविले, डोक्याकडची बाजू उंच केली, प्राणवायू व शिरेतून साधे सलाइन सुरू केले आणि शल्यकाशी बोलून रुग्णास रुग्णवाहिकेने हलविले. पहाटे शस्त्रकर्म झाले. शिवणीतून गळतीच होती. रुग्ण तीन आठवड्यांनी घरी गेला.

नलिका कोठे आहे हे कसे ओळखावे

मोठ्या रुग्णालयातून नलिका घेऊनच घरी आलेले रुग्णही आपल्याकडे येतात. ती सरकते, निघते, पुन्हा चिकटविली जाते. नलिकेत सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप ठेवणे ही खात्रीची चाचणी नव्हे. फुप्फुसात गेलेल्या नलिकेतील हवेचा आवाजही पोटावर ऐकू येतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ सालीच ही पद्धत वापरू नये असे बजाविले. २०११ च्या सूचनेत, ओढलेल्या द्रवाचा सामू १ ते ५.५ असेल तरच आहार सुरू करावा, अन्यथा क्ष-किरण चित्र काढावे, असा क्रम घालून दिला. आपल्याकडे मात्र हवेचा 'भस्स' आवाज अजूनही प्रमाण मानला जातो.

त्यातही आपल्या रुग्णाची अडचण वेगळी आहे. बायपासच्या छोट्या पिशवीत अम्ल फार थोडे स्रवते. नलिका आतड्यात गेलेली असू शकते. शिवाय बहुतेकांना अम्लरोधक गोळ्या चालूच असतात. म्हणून सामूची पट्टी येथे भरवशाची राहत नाही, क्ष-किरण चित्रच हवे. नलिका नाकाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा चिकटपट्टीवर लिहून ठेवावा व प्रत्येक वेळी आहार देण्यापूर्वी पाहावा. आकडा बदलला असेल, खोकला आला असेल, उलटी झाली असेल, तर आहार थांबवावा. नलिका आत ढकलून 'जागेवर' आणू नये.

ग्लानीत असलेल्या रुग्णात नलिका श्वासनलिकेत गेली तरी खोकला येईलच असे नाही. म्हणून ग्लानीतल्या रुग्णात आधी श्वासमार्ग, मग इतर सारे.

श्वासमार्ग : क्रथनाचा विसर नको

मेदोवृद्धीच्या लक्षणांत सुश्रुताचार्यांनी क्षुद्रश्वासासह क्रथन हे लक्षण सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ अकस्मात होणारा श्वासावरोध असा दिला. निद्रेत घोरता घोरता श्वास थांबणारा रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला या शब्दाचे मोल कळेल. शस्त्रकर्म झाले म्हणजे क्रथन त्याच दिवशी जात नाही. वजन उतरेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि काहींत ते नंतरही राहते. झोपेत वापरावयाचे श्वसनयंत्र रुग्णाने आपल्या मनाने बंद केले आहे काय, हे अवश्य विचारावे. अशा रुग्णास निद्रा येत नाही म्हणून झोपेची गोळी, खोकल्यासाठी कोडीनयुक्त सिरप, वेदनेसाठी ट्रामाडोल देणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. औषधविक्रेत्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

अतिस्थूल रुग्ण उताणा निजविला की उदराचा भार मध्यपटलावर पडतो, फुप्फुसातील राखीव हवा घटते आणि श्वास थांबताच रक्तातील प्राणवायू कृश व्यक्तीपेक्षा फार लवकर उतरतो. म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णास उताणा निजवू नये. डोके, मान व खांदे यांखाली घड्या घातलेल्या चादरी व उशा रचून कानाचे छिद्र आणि उरोस्थीचे वरचे टोक एका आडव्या रेषेत येईल असे करावे. नुसती मानेखाली एक उशी पुरत नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या रुग्णास डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडातील स्राव शोषक यंत्राने काढावेत. श्वास अपुरा असेल तर मुखवटा व पिशवी दोघांनी मिळून वापरावी. एकाने दोन्ही हातांनी हनुवटी पुढे ओढून मुखवटा घट्ट धरावा, दुसऱ्याने पिशवी दाबावी. श्वास हळू आणि छाती जेमतेम उचलेल एवढाच द्यावा. जोराने दाबलेली हवा आमाशयात जाते, तेथील द्रव घशात येतो आणि ताज्या शिवणीवरही ताण पडतो. परंतु शिवणीच्या भीतीने प्राणवायू देण्यात कुचराई करू नये. प्राण प्रथम.

महाराष्ट्रात २०१४ पासून आणि गोव्यात २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. फोनवरच रुग्णाचे अंदाजे वजन सांगावे, म्हणजे तशी स्ट्रेचर व माणसे येतील. सहा माणसांनी धरलेला रुग्ण जिन्यात अडकून राहिल्याचे आम्ही पाहिले आहे.

घास अडकला : कोठे?

मटणाचा तुकडा, भाकरी, कोरडा भात घाईने गिळला की तो अरुंद जोडाशी अडकतो. हा रुग्ण छातीच्या मध्यावर हात ठेवतो, लाळ बाहेर टाकतो, पण बोलू शकतो. त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे. त्याला घास 'खाली ढकलण्यासाठी' केळे, भाताचा गोळा, कोमट तूप, सोडा यांपैकी काहीही देऊ नये. बसवून ठेवावे आणि दोन-तीन तासांत सुटका न झाल्यास, किंवा लाळही गिळता येत नसेल तर त्वरित, एन्डोस्कोपीसाठी पाठवावे. ज्याला बोलता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडत आहेत, त्याचा मात्र श्वासमार्ग बंद झाला आहे. त्यास पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्याव्यात आणि नंतर उरोस्थीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत. पोटावर दाब देण्याची सर्वपरिचित रीत स्थूल रुग्णात नीट साधत नाही आणि नुकत्याच झालेल्या शस्त्रकर्मानंतर ती टाळावीच.

इसबगोलाबद्दल येथेच सांगतो. शस्त्रकर्मानंतर मलावष्टंभ होतोच, आणि इसबगोल कोणालाही चिठ्ठीवाचून मिळते. पाणी कमी, मार्ग अरुंद आणि आत फुगणारा भुसा, यांतून पूर्ण अवरोध होऊ शकतो. पहिल्या काही महिन्यांत ते देऊच नये. अन्न अडकण्याची तक्रार असल्यास केव्हाही देऊ नये.

नलिकेवाटे आहार व औषधे

शस्त्रकर्मानंतर द्रव, मग घोटलेला, मग मऊ आहार असा चढता क्रम शल्यक देतात. आपल्या संसर्जन क्रमाशी त्याचे साम्य आहे आणि पेया-यूष यांची कल्पना तेथे उपयोगी पडते. फरक मात्रेचा आहे. येथे एका वेळी ३० ते ६० मिलिलिटर, तेही घोट घोट. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. ती केवळ मुगाच्या कढणाने भागत नाहीत.

नलिकेतून चूर्ण, गुग्गुळाची गोळी कुटून, अवलेह यांपैकी काहीही देऊ नये. वस्त्रगाळ चूर्णही आठ-दहा फ्रेंच मापाच्या नलिकेत साचते. गुग्गुळ चिकट राळ आहे, तो पाण्यात विरघळत नाही, नलिकेच्या भिंतीला धरतो. दुधावर आधारित आहार चालू असताना आसव-अरिष्ट किंवा ताक सोडल्यास प्रथिने साकळतात आणि नलिका बंद होते. पर्याय काय? तर बारीक कापडातून दोनदा गाळलेला क्वाथ, थंड करून, स्वतंत्रपणे, आणि त्यापूर्वी व त्यानंतर ३० मिलिलिटर कोमट पाणी. नलिका बंद झाल्यास तार घालून वा जोराने सिरिंज दाबून ती उघडू नये. आहाराची सिरिंज व शिरेतील औषधाची सिरिंज एकाच ताटात ठेवू नये. दूध शिरेत गेल्याचे अपघात जगभर घडलेले आहेत.

आसव-अरिष्टांविषयी औषधालयांस आणखी एक सूचना. त्यांत स्वयंजनित मद्य व गूळ दोन्ही असतात. बायपासनंतर मद्य लवकर शोषले जाते व रक्तातील प्रमाण एकदम चढते. गूळ व साखर आतड्यात झपाट्याने उतरल्याने घाम, धडधड, अतिसार व भोवळ येते. च्यवनप्राशासही हेच लागू आहे. 'अरिष्ट घेतल्यावर चक्कर येते' असे सांगणाऱ्या ग्राहकास मात्रा कमी करून देण्यापूर्वी शस्त्रकर्माविषयी विचारावे. वेदनाशामक आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या या रुग्णांना जोडावर व्रण करतात. लोह व बी-१२ यांची पूर्ती कायम लागते. पुनर्नवामंडूर हा तिचा पर्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वमनाचा विचारही करू नये. आकंठपान ज्या आमाशयाच्या आधारावर करावयाचे, तो आमाशयच येथे उरलेला नाही.

छर्दीचा रुग्ण आणि सलाइनची बाटली

स्लीव्ह होऊन सात आठवडे झालेली एक शिक्षिका आमच्याकडे आणली गेली. तीन आठवडे रोज उलट्या. 'ग्लुकोज लावा, शक्ती येईल' अशी घरच्यांची मागणी होती. त्या चालताना पाय फाकून चालत होत्या, एकाच्या दोन वस्तू दिसतात म्हणत होत्या आणि तारीख सांगता येत नव्हती. शरीरातील थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा, साठा थोड्याच आठवड्यांचा असतो. तो संपलेल्या रुग्णास ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूची कायमची हानी होऊ शकते. आम्ही प्रथम थायमिन शिरेतून दिले, ग्लुकोजऐवजी साधे सलाइन लावले आणि शल्यकाशी बोलून त्याच दिवशी पुढे पाठविले. तेथे थायमिनची मोठी मात्रा दिवसातून तीनदा अनेक दिवस द्यावी लागली. दृष्टी सुधारली. चालण्यातील तोल पूर्ववत होण्यास मात्र चार महिने लागले. दीर्घ छर्दीच्या अशा रुग्णात तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर.

पोटातून बाहेर काढलेली नलिका निघाल्यास

काही रुग्णांना पोटाच्या भिंतीतून आतड्यात, किंवा बायपासमध्ये तुटलेल्या आमाशयात, आहारनलिका बसविलेली असते. ती निघून आल्यास मार्ग काही तासांतच आकसू लागतो. पण नलिका बसवून चार ते सहा आठवडे झालेले नसतील, तर तीच नलिका पुन्हा आत सारू नये. मार्ग पक्का झालेला नसतो, टोक उदरपोकळीत जाते आणि पुढचा आहार तेथेच पडतो. छिद्रावर स्वच्छ पट्टी ठेवावी, निघालेली नलिका टाकून न देता पिशवीत घालून सोबत द्यावी आणि रुग्णास विनाविलंब शल्यकाकडे पाठवावे. आतड्यातील नलिकेतून आहार संथ धारेनेच द्यावा लागतो. आमाशयाप्रमाणे एकदम २०० मिलिलिटर सोडल्यास पोटात कळ व अतिसार होतो. सोबतच्या चिठ्ठीत शस्त्रकर्माचा प्रकार व दिनांक, नाडी, श्वसन, प्राणवायूचे प्रमाण, शेवटचा आहार किती वाजता व कोणत्या मार्गाने दिला, थायमिन दिले असल्यास त्याची मात्रा व वेळ, आणि चालू असलेली आपली सर्व औषधे स्पष्ट अक्षरांत लिहावीत.